माझा चांदवा, सुनेचं तोरण

माझ्या माहेरी, सौसरला, महालक्ष्म्या नव्हत्या. गणपती होता, पोळा होता, दिवाळी होती. पण भाद्रपदात तीन दिवस साड्या नेसून उभ्या राहणाऱ्या त्या दोघी बहिणी आमच्या घरी कधी आल्या नाहीत. आम्ही शेजारी जेवायला जायचो, पुरण-आंबील खायचो आणि पोटावरून हात फिरवत घरी यायचो. त्यामुळे ज्या घरी महालक्ष्म्या बसतात त्या घरी काय करू नये, हे मला कोणी शिकवलंच नाही. आणि मी नेमकं तेच करून बसली.

लग्न होऊन पांढुर्ण्याला आली तेव्हा आईनं शिलाई मशीन दिली होती. नवी नवरी, अंगात उत्साह नुसता उतू जाऊन राहिला होता. सासरी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर एक पांढरं कापड ताणून बांधत आणि त्याला फुलोरा टांगत, म्हणजे करंज्या, पापड्या, तळलेल्या वेण्या, सगळं दोऱ्यात ओवून. मला ते कापड फारच उघडंबोडकं वाटलं. म्हटलं, थांबा, दाखवते माझी कला. लाल कापडाचा चांदवा शिवला, चारी बाजूंनी पिवळी झालर लावली, कोपऱ्याकोपऱ्यात हिरवे पोपट. पोपटांच्या पोटात आमच्याच वावरातला कापूस भरला, सरकी वेचून वेचून.

दर्शनाला आलेल्या बाया माना वर करून पाहतच राहिल्या. "अवं माय, काय हात आहे पोरीचा!" मी हवेत. सासूबाईंना मी आईच म्हणत होती. त्या हात जोडून बराच वेळ चांदव्याकडे पाहत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "छान झाला वं. आता दरवर्षी लागन."

मला बावळटाला वाटलं, कौतुक करून राहिल्या.

पुढच्या वर्षी कळलं. महालक्ष्म्यांचं एकदा केलं की ती रीत पडते, आणि पडलेली रीत मोडत नाही. एका वर्षी चुकून सतरावी भाजी झाली तर पुढे जन्मभर सतरा भाज्या, असं हे काम. बरं, मागच्या वर्षीचाच चांदवा बांधू म्हटलं, तर फुलोऱ्याच्या करंज्यांचं तेल झालरीवर उतरलेलं. डागाचं कापड देवीवर कसं बांधाचं? म्हणून नवा. ज्या हातानं पहिला शिवला त्याच हाताचा. आणि कापड कोरं, तेही पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशीच फाडाचं, कारण पहिल्या वर्षी मी ते त्याच दिवशी फाडलं होतं. कसा दिवस निवडला पाहा मी! जुन्या चांदव्यांच्या मग उशीच्या खोळी व्हायच्या. आमच्या घरातला माणूस न् माणूस पोपटावर डोकं ठेवून झोपतो.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या या काठावर पांढुर्ण्याचे, त्या काठावर सावरगावचे, आणि मधे नुसता दगडगोट्यांचा पाऊस, दरवर्षीची रीतच ती. दुकानं बंद, गाव अर्धं नदीवर, अर्धं गच्च्यांवर. नदीकडून ओरडा आला की माझी जाऊ जिन्यानं वर पळायची, खाली यायची, पुन्हा वर. मी मात्र आतल्या खोलीत, दाराकडे पाठ करून, लाल कापडात मान घालून. कापडाला पाय लागू नये म्हणून त्या खोलीत कोणी यायचं नाही, आणि चांदवा पूर्ण होईस्तोवर कापड उघडं टाकून मीही उठायचं नाही. चहा दारातूनच आत सरकवत. एकदा जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही तर जेलात आहात." हसली ती. मीही हसली. मग सुई बोटात घुसली आणि अशी चिडली मी, अशी चिडली, की तो पोपट पूर्ण उसवून टाकला आणि पुन्हा शिवत बसली. कोणावर चिडली होती? पोपटावर!

मग बोरगावचं काम आलं. तिथे एका कारखान्यात शिवणकामाला बाया घेऊन राहिले होते. मला त्यांनी नमुना शिवायला दिला आणि लगेच या म्हटलं. यायचं ते नेमकं पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आमचे हे म्हणाले, जा. मी गेली. सकाळची बस, डब्यात भाकर, मशीनींचा खडखडाट, आणि जेवणाच्या सुट्टीत बायांची टवाळी. देवा, किती बरं वाटत होतं मला! मी शिवलेलं कोणाच्या अंगावर जाणार होतं, बाजारात, गाडीत, कुठंही. त्या वर्षी महालक्ष्म्यांवर चांदवा लागला नाही. आईंनी पेटीतून जुनं पांढरं कापड काढून बांधलं.

आणि त्याच पावसाळ्यात आमची संत्री गळली. आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहरासोबतचा, धरला होता, झाडं वाकली होती, आणि फळ पिवळं पडून पडून खाली. सकाळी पाहावं तर झाडाखाली सडा. आता मला सांगा, संत्री काय आमचीच गळली? पूर्ण पांढुर्ण्यात गळली, सौसरात गळली, वरुडात गळली. त्या सगळ्यांच्या देवीचा चांदवा काय मीच शिवत होती? पण हे बोलायचं कोणाशी, कोणी मला बोललंच नाही. आईंनी फक्त संध्याकाळचं जेवण सोडलं. पोळी वाढायला गेली की म्हणायच्या, "नको बाई, तू थकून आली, तू जेव." रोज. अहो, भांडल्या असत्या तर मी भांडली असती! कारखाना मी सोडला, माझ्या तोंडानं. नोकरी सोड असं कोणी म्हटलं नाही.

पुढे काही वर्षांनी आई गेल्या. रडली मी, खरंच रडली; पण रडता रडता मनात आलं, सुटली. कुठचं काय! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "राहू दे ना आता, कोण विचारते?" मी म्हटलं, "तुम्ही चूप बसा." आणि कात्री घेतली. तेव्हा पोराची बारावी होती. नापास झाला असता तर? आता आईंना कशाला बोल लावू? दाराची कडी मीच आतून लावून घेत होती.

तीन वर्षांआधी पोराचं लग्न झालं. सून बोरगावची, सौसरच्या बँकेत नोकरीला, आमच्या घरून रोज बसनं जाणारी. मोकळी पोरगी, खळखळून हसते, मला मम्मी म्हणते. तिच्या माहेरीही महालक्ष्म्या नाहीत. पहिल्याच वर्षी, महालक्ष्म्या बसवायच्या त्या सकाळी, मी चांदव्याच्या दोऱ्या बांधून राहिली होती तर ही पिशवी घेऊन आली. "मम्मी, डोळे मिटा." मिटले. उघडले तर तिच्या हातात कापडाचं तोरण. हिरव्या सॅटिनची आंब्याची पानं, मधे चुण्या घालून केलेली झेंडूची फुलं, एकेक पाकळी वेगळी. मोबाइलवर पाहून शिकली होती, बँकेतून आल्यावर आपल्या खोलीत लपून शिवलं होतं. माझ्या चांदव्याहून शंभर पट सुंदर. "देवीच्या समोर लावू? सरप्राइज!" असं म्हणत ती स्टुलावर चढलीसुद्धा.

तो खिळा, ते स्टूल, तिचा आनंदानं फुललेला चेहरा. हे तोरण एकदा लागलं की संपलं. पानांवर हळद उडणार, तेल उडणार, दरवर्षी नवं लागणार, हिच्याच हातचं. बदली आली, परीक्षा आली, बाळंतपण आलं, तरी. समजावून सांगावं म्हटलं तर काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. "त्यात काय मम्मी, करीन ना दरवर्षी, मला आवडते!" त्या वयात मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून मी तोरण तिच्या हातातून ओढून घेतलं. "उतर खाली. आमच्या देवीसमोर असलं काही चालत नाही."

घरात जाऊ होती, शेजारच्या काकू होत्या. पोरगी उतरली. "मम्मी, तुम्हाला आवडलं नाही काय?"

"नाही आवडलं," मी म्हटलं. जीभ कशी उचलली ते माझं मला माहीत.

ती दिवसभर लाल डोळ्यांनी सोळा भाज्या चिरत होती. पोरानं माझ्याशी बोलणं टाकलं. काकू जाता जाता म्हणाल्या, "सासू ती सासूच." मनात आलं, पोरीला जवळ घ्यावं, त्या पाकळ्यांचे मुके घ्यावे, विचारावं की ही चुणी कशी पाडली गं. पण कौतुकाचा एक शब्द निघाला असता तर पुढच्या वर्षी पोरगी दुसरं शिवून घेऊन आली असती. मग मीच तोंड शिवून बसली. त्यानंतर तिनं आमच्या घरात सुईला हात लावला नाही. मला आता ती मम्मी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, "ऐका ना" म्हणते.

मागच्या वर्षी तिला छिंदवाड्याची बदली भेटली, बढतीची. पोरगाही तिकडेच गेला. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझं कापड फाडणं चालू असताना, तिचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. म्हणाली, "ऐका ना, महालक्ष्म्यांना आम्ही येत नाही. माझ्याशिवाय तुमचं काही अडत नाही तिथं."

"नाही अडत," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. मला हेच तर पाहिजे होतं.