पाच तिकिटं

आमच्या घराला कुलूप नाही, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. जोडीनं देवीच्या दर्शनाला निघालो होतो. घरात कुणी दिसेना, म्हणून मी नवऱ्याला विचारलं, "कुलूप कुठे ठेवता?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग स्वयंपाकघराच्या दिशेने मान करून म्हणाला, "आई आहे ना."

माझ्या माहेरी, नाशिकरोडला, बाबा कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा ओढायला परत यायचे. त्यामुळे मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं होतं. माहेरी फोन करून कौतुकाने सांगितलंसुद्धा. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पंचवटीतलं आमचं घर म्हणजे तीर्थपुरोहिताचं घर. काही ठरलेल्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडेच येतात. कुणी अस्थी घेऊन, कुणी वर्षश्राद्धाला. त्यांना आम्ही यजमान म्हणतो. हल्ली पुष्कळ जण आधी फोन करतात, पण सगळेच नाही. घरात माणूस गेल्यावर आधी फोन करायचं सुचतंच असं नाही, गाडी काढतात आणि येतात. म्हणून दार उघडं हवं, असा या घराचा नेम आहे. जुनं घर पाडून तीन मजली नवं बांधलं, खाली यजमानांसाठी दोन खोल्या काढल्या, वर सोलर बसवला, तरी नेम तोच राहिला. सुताराने नव्या दाराला कडी-कोयंडा बसवून दिला आहे, पण त्यात कुलूप कधी अडकलेलं नाही.

आता गंमत बघा. सासरे बाहेरगावी गेले तर अडत नाही. त्यांचे चुलतभाऊ दोन घरं सोडून राहतात, ते नदीकाठच्या कुंडावरचा विधी करतात. मंत्र दोघांचे तेच. पण आल्या माणसाला पाणी, चहा, अंघोळीला गरम पाणी, बायकांना लुगडं बदलायला आडोसा, विधी उरकल्यावर पिठलं-भात, आणि कुणी मधेच रडायला लागलं तर त्याच्याजवळ बसणं, हा सगळा कारभार सासूबाईंचा. त्यांना बदली माणूस नाही. म्हणून लग्न असो, बारसं असो, माझ्या भावाच्या घराची वास्तुशांत असो, "मी आहे घरी" असं म्हणून त्या दारात उभ्या राहत आणि आम्ही निघत असू.

गेल्या नाताळच्या सुट्टीच्या आधी आमच्या लेकीने हट्ट धरला. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली मुंबई-पुण्याच्या मधल्या त्या मोठ्या थीम पार्कला जाऊन आल्या होत्या. तीन दिवस, दोन रात्री, तिथल्याच हॉटेलात मुक्काम. आमचं घराणं यात अगदी कोरं. देवाचं गाव सोडलं तर आम्ही कुठे मुक्काम केलेला नव्हता. सहलीला जायचं म्हणजे सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. त्यामुळे तीन दिवस नुसती मजा करायची, ही कल्पनाच पचायला आठवडा गेला. सासऱ्यांनी विचारलं, "एका दिवसात होत नाही का?" जणू काही तीर्थश्राद्धच आटपायचं होतं.

पण एकदा ठरल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. नवरा सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने संगणकावर तक्ता केला. पहिल्या दिवशी कोरडे पाळणे, दुसऱ्या दिवशी पाण्याचं पार्क, तिसऱ्या दिवशी राहिलेलं. लेक दहा वर्षांची. सगळ्यात मोठ्या पाळण्याला उंचीची अट आहे हे कळल्यापासून ती रोज सकाळी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. सहा वर्षांच्या धाकट्याला अट कशाचीच ठाऊक नव्हती, तो बॅगेत रोज एक खेळणं भरायचा आणि मी रोज ते काढायचे. बाहेरचं खायला नेता येत नाही हे वाचल्यावर घरात जो हाहाकार झाला, तो विचारू नका. सासूबाईंनी दोन डबे दशम्या करायचं मनात योजलं होतं. "मग तिथे माणसं जेवतात काय?" त्यांनी मला दोनदा विचारलं.

हे लक्षात ठेवा. त्या विचारत होत्या. दशम्या त्या करणार होत्या, मुलांच्या टोप्या त्यांनीच शोधल्या, पाण्यात घालायला नायलॉनचे कपडे लागतात म्हणून मेनरोडच्या बाजारात माझ्याबरोबर त्याच आल्या. आणि एका रविवारी दुपारी मी सोफ्यावर बसून ऐटीत तिकिटं काढली, हॉटेलच्या खोल्या धरल्या, आणि ओरडले, "झालं! सगळ्यांचं झालं!"

लेक मोबाईल घेऊन नावं मोठ्याने वाचायला लागली. आधी तिचं स्वतःचं, मग भावाचं, बाबांचं, माझं, आजोबांचं. मग तिने बोटाने पडदा वर सरकवला, आणखी वर सरकवला.

"आई, आजीचं कुठाय?"

मला खोटं सांगायचं नाही. मी विचार करून सासूबाईंना वगळलं असतं, "त्यांना झेपणार नाही" असं काही मनाशी म्हटलं असतं, तर निदान भांडायला जागा होती. मी विसरले होते. आम्ही सगळे म्हणजे पाच जण, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की ज्या बाईच्या हातचा चहा पीत मी तिकिटं काढत होते, तिचं नाव लिहायचं राहिलं. आणि मी काही या घरात जन्मलेली नाही. बाहेरून आलेली, कुलूपवाल्या घरातली. हे मला दिसायला हवं होतं.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं. "अगं, मी आहे ना घरी!"

स्वर नेहमीचाच होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी जेवताना मी तोंड उघडलं. मला राग आला की गप्प बसता येत नाही, आणि राग स्वतःचा असला तरी तो दुसऱ्यावर काढायची मला वाईट खोड आहे. मी म्हटलं, "आई आल्या नाहीत तर मीसुद्धा येत नाही. मी थांबते घरी. तुम्ही चौघं जा." नवरा म्हणाला, "सहावं तिकीट काढू की!" मी म्हटलं, "काढ. आणि दारात कोण बसणार?" तो म्हणाला, "तीन दिवस दार बंद राहिलं तर काय आभाळ कोसळतंय?" त्यावर सासूबाईंनी भाताचं भांडं जरा जोरातच ठेवलं. "या दाराला कुलूप लागायचं नाही. कुणी आईला पोटाशी धरून यायचं आणि बंद दार बघून माघारी जायचं? ते मला चालणार नाही." आईला म्हणजे आईच्या अस्थींना. हे मुलांना कळलं नसावं.

सासरे ताटावरून उठले. ताटात हात न धुता बाहेर नळाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसचा डबा भरत होते. सासूबाई ओट्याशी. सासरे सोवळं सोडून, पायजमा-सदऱ्यात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. एरवी त्या उंबऱ्याच्या आत ते फक्त पाणी प्यायला येत.

"मला चहा शिकव," ते म्हणाले.

"काय?" सासूबाई वळल्या.

"चहा. आणि पिठलं. भात कुकरला लावता येईल असं वाटतं. माझ्या तिकिटावर तू जा. मी थांबतो."

"अहो, काहीतरीच काय! पन्नास माणसांचं रांधावं लागलं तर?"

"पन्नास आले तर चुलतभाऊ आहे, त्याच्या सुना आहेत. एवढी वर्षं मी मंत्र म्हणतोय आणि माणसं जाताना तुझ्या पाया पडून जातात. बघू तरी, तू काय करतेस ते."

सासूबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि गॅस बारीक केला. हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत, आणि मी डबा तसाच उघडा टाकून तिकिटावरचं नाव बदलायला धावले.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात जी शाळा भरली, तिची सर कुठल्याही पार्कला यायची नाही. आयुष्यभर यजमानांना "उजव्या हाताने पाणी सोडा, आता डावा गुडघा टेका" असं सांगत आलेले सासरे ओट्यासमोर हात जोडल्यासारखे उभे. सासूबाई मागून सांगताहेत, "आता बेसन सोडा. एकदम नको. हलवत राहा. हलवत राहा म्हटलं ना!" सासऱ्यांनी वहीत सगळं क्रमाने लिहून घेतलं होतं. "मीठ चवीपुरतं म्हणजे नक्की किती?" असं त्यांनी विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही अक्षता घ्या म्हणता, तेव्हा किती ते सांगता का?" मुलं हसून हसून लोळली. तिसऱ्या दिवशीचं पिठलं गुठळ्यांचं होतं, ते आम्ही सगळ्यांनी वाखाणून खाल्लं. चहात आलं घालायला मात्र सासरे रोज विसरत.

इकडे सासूबाईंची तयारी म्हणजे बॅग रिकामी आणि घर भरलेलं. खालच्या खोल्यांत चादरी बदलल्या, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, जास्तीचे टॉवेल कुठे ते सासऱ्यांना चारदा दाखवलं. मी रोज म्हणायचे, "आई, तुमचे कपडे?" त्या म्हणायच्या, "होईल गं." मला खात्री वाटेना. मला सारखं वाटे, ऐन वेळी काहीतरी निघेल आणि या बाई दारातच राहतील.

आणि निघालंच. निघायच्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी, दारात गाडी, बॅगा डिकीत गेलेल्या. सासूबाई स्वेटर आणि लेकीने निवडलेले पांढरे बूट घालून पायरीवर. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक पिकअप थांबली. देवळा गावाकडचे आमचे यजमान. पुढे पन्नाशीचा एक जण, मफलर गुंडाळलेला, आणि पोटाशी धरलेली लाल फडक्यातली लोटी.

"काकू," तो म्हणाला, "आई गेली."

त्याची आई सासूबाईंच्या ओळखीची होती. दर वर्षी नवऱ्याच्या श्राद्धाला यायची, येताना कांद्याची पिशवी आणायची, आणि दोघी मागच्या ओट्यावर बसून बोलत राहायच्या. सासूबाई पायरी उतरल्या, त्याच्या दंडाला धरलं. तो हमसून रडला. आम्ही सगळे गाडीपाशी खांबासारखे उभे. लेकीने माझा हात घट्ट धरला. तिच्याही मनात तेच होतं, जे माझ्या.

सासूबाईंनी हात स्वेटरच्या बटणाकडे नेला. पहिलं बटण काढलं.

तेवढ्यात घरातून कपांचा आवाज आला. सासरे ट्रे घेऊन बाहेर येत होते. चालताना ट्रे असा काही हलत होता, की निम्मा चहा बशांत. त्यांनी तो त्या माणसापुढे धरला आणि म्हणाले, "घे बाबा, आधी गरम घे. आतल्या खोलीत अंघोळीचं पाणी काढलंय." मग सासूबाईंकडे न बघताच म्हणाले, "तू निघ आता. ऊन व्हायच्या आत कसारा घाट उतरायचाय."

त्या माणसाने तेव्हा कुठे बॅगा पाहिल्या, मुलांच्या टोप्या पाहिल्या. "काकू, तुम्ही गावाला निघाल्या व्हय? मंग थांबू नका. आमचं काय, आम्ही घरचेच हाय."

सासूबाईंनी ट्रेमधला एक कप उचलला आणि घोटभर प्यायल्या.

"आलं घातलंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बटण लावलं आणि गाडीत बसल्या. कसारा उतरेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पार्कच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना मात्र त्या दचकल्या. लांबून, भिंतीपलीकडून, किंकाळ्या येत होत्या. पाच-पन्नास माणसांचा एकदम आक्रोश, मग शांत, मग पुन्हा. त्यांचा चेहराच उतरला. "काय झालं गं तिथे? कोण रडतंय?" लेक म्हणाली, "आजी, ते पाळण्यातले लोक आहेत. मजेत ओरडतायत." सासूबाई जरा वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडावर हसू आलं. इतकी माणसं हसायला म्हणून एका ठिकाणी आलेली त्यांनी याआधी कधी पाहिलीच नव्हती. आमच्या दारात येणारं प्रत्येक माणूस रडवेलं असतं, आणि चाळीस वर्षं ते दार त्यांनी उघडलेलं.

फाटकाशी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा गणवेशातल्या मुलीने विचारलं, "किती जण?"

मी मोबाईल काढतेय तोवर मागून सासूबाईंचा आवाज आला. "सहा."

मुलीने पडद्यावर पाहिलं. "मावशी, इथे पाचच दिसतायत."

"पाच आलोय," सासूबाई म्हणाल्या. "एक घरी आहेत."

मुलगी हसली आणि तिने मनगटाला बांधायचे कागदी पट्टे मोजून पाच काढले, सासूबाईंच्या हातात दिले. या घरातून बारा वर्षं मी बाहेर पडतेय. लग्नांना, बारशांना, हॉटेलांना, आणि दर ठिकाणी कुणीतरी विचारलंच आहे, किती जण. मी दर वेळी पटकन एक कमीच आकडा सांगितला आहे.

"हात पुढे कर," सासूबाई मला म्हणाल्या. मी हात पुढे केला.