स्कॅनकाकांची लॅब

विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दारापाशीच त्यांचं टेबल होतं. पेनड्राइव्ह घेऊन आत शिरणाऱ्याला ते वर न बघताच म्हणायचे, "आधी स्कॅन." त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव स्कॅनकाका पाडलं होतं. वीस वर्षं लॅब सांभाळून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: माणूस दिसायला कितीही साधा असो, त्याच्या पेनड्राइव्हमध्ये काय असेल याचा भरवसा नाही. पेनड्राइव्ह आधी त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला लागायचा, रजिस्टरमध्ये सही व्हायची, मगच आत प्रवेश. त्यांचा स्वतःचा पेनड्राइव्ह मात्र काळ्या दोरीत कायम गळ्यात असायचा. तो कोण तपासणार?

प्रबंध जमा करायचे दिवस आले आणि लॅबला दृष्ट लागली. मुलांच्या पेनड्राइव्हमधल्या फोल्डरच्या जागी नुसते बाण असलेली चिन्हं दिसू लागली. उघडायला जावं तर काहीच उघडेना. पहिल्या दिवशी दोघं रडकुंडीला आले, आठवडाभरात बावीस जण. काकांनी फायली जमतील तशा परत काढून दिल्या, पण झोप उडाली. हे कुणीतरी आणतंय, एवढं त्यांना ठाम वाटत होतं.

त्यांची नजर सतरा नंबरवर गेली. ते कोपऱ्यातलं जुनं मशीन इतकं रेंगाळत चालायचं की त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. तिथे पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका बसायच्या. शाळा सुटली की संशोधनासाठी यायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत. त्यांचा पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळलेला असे. काकांनी मागितला की त्या म्हणायच्या, "मी कुणाच्या हातात देत नाही," आणि सरळ कोपरा गाठायच्या. आधी काका कुरकुरत सोडून द्यायचे. आता ते मुद्दाम पंख्याचं बटण बघायच्या निमित्तानं त्यांच्यामागून जाऊ लागले. बाई लगेच स्क्रीन झाकायच्या. मग तर काकांना शंकाच उरली नाही. त्यातून सगळ्यांच्या फायली गेल्या, या एकट्या बाईंच्या जशाच्या तशा. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणत त्यांनी विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली. बाईंना लॅब बंद झाली. त्यांनी हुज्जत घातली नाही. रुमालाची घडी घातली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आणखी पाच पेनड्राइव्ह बिघडले. बाईंचं विष मशीनमध्ये मुरलंय, असं काकांनी मनाला समजावलं.

रविवारी घरी मुलीला काही फोटो हवे होते. काकांनी गळ्यातला पेनड्राइव्ह काढून दिला. तो तिच्या नव्या लॅपटॉपला लावताच स्क्रीनवर लाल पाटी आली. मुलीनं तपशील उघडून बघितला.

"बाबा, व्हायरस यात आहे. तीन तारखेला आलाय. त्या दिवशी हा कुणाला दिला होतात?"

काकांना आठवलं. मेहुण्याला अर्जाची प्रिंट काढायला हवा होता. तो झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेला होता. चार तारखेला त्यांनी हाच पेनड्राइव्ह टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावला, तिथल्या जुन्या प्रोग्रामला काही ओळखू आलं नाही, आणि पाच तारखेपासून तक्रारी सुरू झाल्या. ज्यानं ज्यानं त्यांच्याकडे स्कॅन करून घेतलं, त्याच्या पदरात त्यांनीच तो रोग घातला होता. बाई वाचल्या, कारण त्या स्कॅनला कधी आल्याच नाहीत.

"काखेत कळसा म्हणतात ना," मुलगी म्हणाली, "तुमचा तर गळ्यात होता."

सोमवारी लवकर जाऊन काकांनी मुलीकडून घेतलेल्या नव्या प्रोग्रामनं एकेक मशीन साफ केलं. त्या दिवशी एकही तक्रार आली नाही. विभागप्रमुखांनी बोलावून पाठ थोपटली. त्या बाईंना बंदी केली ते बरंच झालं, म्हणाले. काका "हो" म्हणून बाहेर आले. कुणाला काही कळणार नव्हतं. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. रजिस्टर उघडलं की बाईंच्या नावापुढची लाल फुली डोळ्यांत खुपायची. बुधवारी ते पुन्हा साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. मेमो मिळाला, बंदी उठली.

संध्याकाळी बाईंची शाळा शोधून ते फाटकापाशी उभे राहिले. बाईंनी ऐकून घेतलं. चेहरा काही निवळला नाही.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. "तक्रार लेखी होती ना?"

काकांनी तिथेच भिंतीला कागद टेकवून चूक आपलीच असल्याचं लिहून सही केली. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण असंच कुणाच्या हाती पडलं होतं. दुसऱ्याच्या नावानं छापून आलं. तेव्हापासून मी कुणाला देत नाही. तुम्हालाही देणार नाही."

"नका देऊ," काका म्हणाले.

गुरुवारी बाई आल्या. काकांनी तपासायचा प्रोग्राम सतरा नंबरवर आदल्या दिवशीच टाकून ठेवला होता, तो कसा चालवायचा ते लांबूनच सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि ते आपल्या टेबलाकडे वळेपर्यंत रुमाल सोडला नाही.