टीचर हस्माने परत घेतलेलं इंग्रजी

निक हस्मा स्वभावाने तिखट होती आणि हे तिलाही मान्य होतं. "मिरची गोड असती तर लोकांनी पपईच खाल्ली असती," असं ती म्हणायची. मलेशियातल्या तुंपातजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात ती वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवत आली होती. शाळेत बाकीच्या सगळ्या शिक्षकांना 'चिकगू' म्हणतात, इंग्रजीवालीला मात्र 'टीचर'. त्यामुळे मासळीवालासुद्धा "टीचर, बांगडा ताजा आहे" अशी हाक मारायचा आणि पुढचा सगळा सौदा मलयमध्ये करायचा. वीस वर्षांत गावाने आपल्याकडून एवढा एकच शब्द घेतला, असा तिचा टोमणा असे.

खरं तर गावाने बरंच घेतलं होतं. शेवटच्या वर्षाच्या पोरांना ती शाळा सुटल्यावर थांबवून सराव घ्यायची. रोज घरातल्या वस्तूंवरचे पाच इंग्रजी शब्द टिपून आणायचे, मग ते साबणावरचे असोत, खोकल्याच्या औषधावरचे असोत की कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावरचे. त्यानंतर व्याकरणाच्या गाळलेल्या जागा आणि शेवटी उतारा. उताऱ्यावरच्या प्रश्नांसाठी तिची एकच शिकवण होती. "उताऱ्यातला माणूस तुमच्या शेजारी राहतो असं समजा. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते कुणी न सांगता कळतं ना तुम्हाला? मग हे का कळू नये?" पोरं हसायची, पण वाचायची. शाळेची शेवटची परीक्षा, एसपीएम, सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेली होती. तिच्यात इंग्रजी धड आलं नाही तर नर्सिंगचं दार बंद, आणखीही बरीच दारं बंद.

त्या वर्षी परीक्षा जवळ आलेली असताना तिने छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईवरचा उतारा घरी सोडवायला दिला. सोपाच होता. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या, तर पहिल्या वहीत उत्तर होतं, 'हत्ती भुकेला होता, म्हणून तो गावात शिरला.' दुसऱ्या वहीत हत्ती. तिसऱ्या वहीत हत्ती. कुणीतरी फोनवर भलत्याच उताऱ्याची उत्तरं फिरवली होती आणि सगळ्या वर्गाने डोळे मिटून ती उतरवली होती.

"छत्रीच्या दुकानात हत्ती कुठून आला?" असं विचारतच ती वर्गात शिरली. "छत्री घ्यायला आला होता? कुठल्या मापाची दिली त्याला?"

हसू सगळ्यांना येत होतं, पण हसायची छाती कुणाची झाली नाही. ती एकेक वही टेबलावर आपटत गेली. एका वहीपाशी मात्र थांबली, वही उघडून पुन्हा पाहिली, आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"मी तुम्हाला जे शिकवलं ते मी हलाल करत नाही. बघते कसे पास होता ते."

आमच्याकडे हे वाक्य हलकं नाही. कुणाच्या घरी नुसता चहा घेतला तरी उठताना माणूस म्हणतो, "खाल्लंप्यायलं हलाल करा हं." यजमानाने "हलाल, हलाल" म्हटलं की ते मनापासून दिलं, मागे काही राहिलं नाही. मनापासून न दिलेलं वापरलं तर ती चोरी. विद्येच्या बाबतीत तर लोक फारच जपतात. परीक्षेआधी पोरं शिक्षकांचे हात कपाळाला लावून विद्या हलाल करून घेतात, तेव्हा कुठे पेनाला हात घालतात. रागावलेले शिक्षक कधीमधी हीच धमकी देतात, पोरं घाबरतात आणि संध्याकाळपर्यंत प्रकरण मिटतं.

त्या दिवशीही मिटलं. शाळा सुटताना सगळा वर्ग शिक्षकांच्या खोलीच्या दारात माना खाली घालून उभा राहिला. कुणीतरी कॅन्टीनमधून केळ्याची गरम भजी आणली होती, ती पुढे केली. हस्माचा राग दुधासारखा, उतू गेला की खाली बसला. "हलाल, हलाल. निघा आता, आणि जाताना तुमचा हत्तीही घेऊन जा," ती म्हणाली आणि भजी खाता खाता सगळं विसरून गेली.

त्या घोळक्यात मैसारा नव्हती. मैसारा म्हणजे पोक लेहची थोरली. पोक लेह बुदू करतो. मोठाल्या रांजणांत बारीक मासळी मिठात घालून महिनोन्‌महिने मुरवायची आणि तिचा रस बाटल्यांत भरून विकायचा, हा त्याच्या बापाचा आणि आज्याचा धंदा. त्या दिवशी होड्या लवकर लागल्या, मासळी उन्हात पडली होती, म्हणून मैसाराला मधल्या सुट्टीतच घरून बोलावणं आलं. टीचरचं वाक्य तिने ऐकलं होतं. भजी तिने पाहिली नाहीत.

पुढे सराव परीक्षा झाली. मैसारा वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी, तिचा पेपर हस्मा नेहमी शेवटी तपासायला ठेवायची, तोंड गोड व्हावं म्हणून. तो उघडला तर पहिल्या पानावर थोडं लिहिलेलं, पुढची पानं धुतल्या तांदळासारखी. जिथे काही लिहिलं होतं तेही विचित्र. चौथीतल्या पोराला येतील अशी वाक्यं, आणि मध्येच फुटबॉलच्या सामन्यात ऐकू येणारा एखादा अवघड शब्द, अगदी अचूक.

हस्माने तिला बोलावून घेतलं. "काय गं, पेन वाळलं होतं का?"

"नाही, टीचर."

"मग येत नव्हतं?"

मैसारा खाली बघत राहिली. "मला जेवढं लिहिण्यासारखं होतं तेवढं लिहिलं, टीचर."

"वा. परीक्षेच्या तोंडावर महाराणींना मूड नाही. रांजणात डोकं घालून बसलीस वाटतं महिनाभर?"

"टीचर, मला एक..."

"आता नाही. जा."

पुढच्या सरावातही तेच, त्याच्या पुढच्याही. पोरगी माजली, असं हस्माने ठरवून टाकलं. माजलेल्या पोरांना ती ओळखत होती, पण माजलेलं पोर कोऱ्या पेपरावर नाव इतक्या सुबक अक्षरात लिहीत नाही, हे तिला खटकत होतं. एसपीएमलाही ही असाच कोरा कागद देऊन आली तर? दहावेळा तो विचार तिने झटकला आणि दहावेळा तो परत आला.

गणिताच्या चिकगू सुहैमीने तिला एकदाचं सुनावलं. "माझ्या पेपरात ती पहिली आली. डोकं ठिकाणावर आहे तिचं. तुझ्याच विषयात काहीतरी अडकलंय."

"मी काय केलं?"

"ते मला काय माहीत? या दारात तीनदा येऊन उभी राहिलेली बघितली मी तिला. तीनदा तू हाकललीस."

"मी? मला आठवतही नाही."

"आठवेल कसं? तू बघत नाहीस, नुसती ओरडतेस."

शुक्रवारी शाळेला सुट्टी असते. हस्मा सकाळीच पोक लेहच्या अंगणात हजर झाली. तो कुंपणापाशी उभा राहून शेजारणीला दोन अंडी देत होता. शेजारणीची कोंबडी याच्या अंगणात अंडी घालते आणि हा ती रोज परत करतो. "कोंबडी तिची, अंडं तिचं. माझी फक्त जागा," असा त्याचा हिशेब.

ओसरीवर बुदूच्या बाटल्या रांगेने मांडल्या होत्या. प्रत्येक बाटलीच्या पोटावर वर्तमानपत्राचा तुकडा खळीने चिकटवलेला.

"हे काय, पोक लेह? तुमच्या बाटल्यांवर छान इंग्रजी लेबल असायचं."

"आहे की. खाली आहे, झाकलंय."

"झाकलं का?"

"मैसाराने लिहिलेलं ना ते. शुद्ध, रंग न घातलेला, असं काहीबाही. पण शब्द तुम्ही शिकवलेले. तुम्ही हलाल केले नाहीत म्हणाली. आता त्याच्यावर मी बुदू कसा विकू, टीचर? ते पैसे पोटात जायचे पोरांच्या." बाटलीची किंमत सांगावी इतक्या साधेपणाने त्याने हे सांगितलं.

हस्मा तिथेच ओसरीच्या कडेला बसली. "म्हणजे ते पेपर..."

"ते पण. प्राथमिक शाळेत शिकली तेवढं लिहिते, टीव्हीवर ऐकलं तेवढं लिहिते. बाकीचं तुमचं."

"आणि तुम्ही बाप असून गप्प बसलात? तिला नर्स व्हायचंय ना?"

"व्हायचंय. तिच्या आईने रडून गोंधळ घातला. पण मी काय सांगू तिला, चोरी कर म्हणून? मी म्हटलं, जा, टीचरकडून मागून घे. गेली होती म्हणे. तीनदा."

'आता नाही. जा.' स्वतःचाच आवाज हस्माला ऐकू आला आणि तिला आपली भयंकर लाज वाटली. वाटेवर दगड टाकावा आणि विसरून जावं, तसं ती ते वाक्य टाकून भजी खात बसली होती, आणि ही पोर इतके दिवस त्याला वळसा घालून चालत होती.

मैसारा मागच्या दारातून आली. हात कोपरापर्यंत मिठाने पांढरे.

"बाकीच्यांना मी त्याच दिवशी हलाल केलं. तुला कुणी सांगितलं नाही?" हस्माने विचारलं.

"सांगितलं. पण ते तुम्ही त्यांना केलंत, टीचर. मी तिथे नव्हते. आणि माझं वेगळं होतं."

"तुझं काय वेगळं?"

"त्यांनी उतारा वाचलाच नव्हता. मी वाचला होता." तिचा आवाज बारीक झाला. "छत्रीवालीची सगळी उत्तरं लिहिली होती मी. मग सगळ्यांच्या वहीत हत्ती बघितला. म्हटलं, इतके जण चुकणार नाहीत, मीच चुकले असेन. खोडलं आणि हत्ती लिहिला."

"मला माहीत आहे," हस्मा म्हणाली. "खोडलेलं दिसत होतं मला. खालची उत्तरं बरोबर होती, सगळीच्या सगळी. तुझी वही बघेपर्यंत मी नुसती कंटाळले होते गं. तुझी बघितली आणि डोकं फिरलं. वाटलं, हिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही, मी शिकवलेल्यावर नाही, आणि कुणाच्या कुठल्या हत्तीवर आहे. ते वाक्य तुझ्याचसाठी निघालं होतं."

पोक लेह घसा खाकरून पुढे झाला. "टीचर, रागावू नका. पण मनात थोडं जरी उरलं असेल तर आज हलाल म्हणू नका. पोरीच्या परीक्षेसाठी म्हणून तर अजिबात नको. अर्धा मुरलेला बुदू मी बाटलीत भरत नाही."

दुसऱ्या कुणी हे ऐकवलं असतं तर हस्माने त्याची पाठ सोलली असती. पण तिने खरोखरच मनात डोकावून पाहिलं. राग शोधला. तो कुठेच नव्हता, होती ती फक्त भीती, आपल्या एका वाक्यापायी ही मुलगी जन्माची मागे पडेल ही. आणि त्या भीतीच्या खाली माया होती. ती तर आधीपासूनच होती, म्हणून तर इतका राग आला होता.

"हलाल," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचं सगळं. पुढे शिकवेन ते पण. मनापासून, मैसारा. आणि मी तुला नाही नाही ते बोलले, दारातून हाकललं, ते तू मला माफ कर."

टीचरने विद्यार्थिनीची माफी मागायची, हे मैसाराला झेपण्यासारखं नव्हतं. तिचे डोळे भरले. हात मिठाचे, म्हणून ती दंडाने डोळे पुसायला लागली आणि जास्तच चुरचुरलं. "कोसोंग-कोसोंग, टीचर," ती कशीबशी म्हणाली. शून्याला शून्य, तुमचं माझ्याकडे नाही, माझं तुमच्याकडे नाही. ईदच्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना म्हणतो तेच.

"आणि लेबल?" पोक लेहने विचारलं.

"लेबलही हलाल, पोक लेह."

तिचा विचार बदलायच्या आत व्हावं म्हणून की काय, त्याने लगेच पहिल्या बाटलीवरचा कागद नखाने खरवडायला घेतला.

त्यानंतर उरलेल्या दिवसांत हस्माने मैसाराला पिळून काढलं. बाकीची पोरं एक उतारा सोडवायची तेव्हा हिला दोन. एसपीएमच्या सकाळी पोरांनी रांगेने तिचा हात कपाळाला लावला, मैसारानेही लावला आणि आत गेली. पुढे कित्येक महिन्यांनी निकाल लागला, मैसाराला नर्सिंगला लागतं तेवढं इंग्रजी मिळालं, वर थोडं उरलंही. पण हस्माच्या छातीवरचा धोंडा तोवर थांबला नाही, तो पेपराच्या दिवशी दुपारीच उतरला. पेपर चालू असताना ती बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. ऐनवेळी पोरीच्या मनात पुन्हा काही आलं तर, पान उघडून ती तशीच बसून राहिली तर, असं सारखं वाटत होतं. घंटा झाली आणि मैसारा शेवटून दुसरी बाहेर आली. बोटांना शाई, डोक्याला गुंडाळलेला टुडुंग एका बाजूला सरकलेला.

"काय गं?"

"लिहिलं, टीचर. सगळं लिहिलं."

"सगळं म्हणजे नेमकं काय?"

"तुम्ही शिकवलेलं सगळं. समजलेलं पण लिहिलं आणि न समजलेलं पण लिहिलं." मैसारा गंभीरपणे म्हणाली. "हलाल होतं ना, मग वाया का घालवायचं?"

हस्मा हसायला लागली ती थांबेचना. शेवटी तिला पायरीवर बसावं लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते तिने लपवलं नाही. आज टीचर कुणावर ओरडतेय ते बघायला चिकगू सुहैमी खोलीतून बाहेर आला, आणि दोघींना बघून परत आत गेला.