सुवेरात गेलेला कागद

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट विचारायची ठरवून मी डोंबिवलीहून ठाण्याला गेले. या वेळी पोट न चिरता बाळंत होता येईल का?

आधीची दोन्ही बाळंतपणं ऑपरेशनची. पहिलं स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी, माहेरी कल्याणला. दोन दिवस घरी कळा दिल्या आणि मग मला ठाण्याच्या इस्पितळात हलवलं. मुलगा होता. मी शुद्धीवर आले तोवर त्याला नेऊन पुरलंही होतं. मी त्याला पाहिलं नाही. बारशाआधी गेलेल्याला नाव नसतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचं झालं तर सुरुवात कशी करायची, हाच प्रश्न. आमच्या घरी कुणी बोललंच नाही.

तीन वर्षांनी मुलगी झाली. तेव्हा कळाही येऊ दिल्या नाहीत. एकदा पोट चिरलं की पुढे नेहमी चिरायचंच, असा तेव्हा नियम होता. तिचा पहिला टाहो बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांनी ऐकला. माझ्या चुलतसासऱ्यांना ऐकू कमी यायचं, त्यांनीसुद्धा ऐकला. मी तेवढी क्लोरोफॉर्मच्या गुंगीत होते. मला दिसली ती धुऊनपुसून, दुपट्यात गुंडाळलेली आणि दुसऱ्याच्या हातात.

मला एकदा जागं राहायचं होतं, बाकी काही नाही.

डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह तीन खोल्यांचं होतं. बाईंनी मला हसण्यावारी नेलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"पहिलं ऑपरेशन का केलं होतं? आणि आत पिशवी कुठे चिरली होती?" त्यांनी विचारलं. "बाहेरचा व्रण मला काही सांगत नाही. आतली चीर खाली, आडवी असेल तर सांधा टिकतो. वर, उभी असेल तर कळांच्या जोराने उसवू शकते. उसवली तर तुम्ही नाही आणि मूलही नाही. मुंबईला न्यायलाही वेळ मिळायचा नाही."

मी जवळचा कागद पुढे केला. तो दुसऱ्या ऑपरेशनचा. ते करणारे सर्जन म्हणजे ठाण्यातलं बडं प्रस्थ. सकाळी ते वॉर्डात शिरले की मागे सहा माणसं चालत आणि तेवढा वेळ पेशंटने कण्हणंही अप्रशस्त दिसे. कागदाच्या माथ्यावर त्यांच्या पदव्या चार ओळींत छापलेल्या, विलायतेतल्या दोन गावांसकट. खाली त्यांच्या हातचं एकच वाक्य होतं. शस्त्रक्रिया मागच्याप्रमाणेच. आता ते स्वतःही विलायतेलाच कायमचे गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"पदव्या पाठ झाल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "आता मागचा आणा."

आमचे हे ठाण्याच्या कोर्टात कारकून. कागद म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. नकलेसाठी त्यांनी इस्पितळात रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की नोंदवहीत फक्त 'शस्त्रक्रिया. बालक मृत' एवढीच नोंद आहे. पहिलं ऑपरेशन करणारे डॉक्टर बदली होऊन कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. उरला तो आम्हाला निघताना हातात दिलेला कागद. तो आईकडे होता.

मी कल्याणला गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"कसला गं कागद?"

"इस्पितळातून निघताना दिला होता तो. तू घडी करून दुपट्यात ठेवला होतास. आतली चीर खाली आहे असं त्यात निघालं तर या वेळी कळा येऊ देतील."

आईने सूप खाली ठेवलं. "ते सगळं सुवेराचं गेलं ना गं."

सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. बाळंतिणीच्या खोलीतलं काही घरात ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लुगडी, चटई, दुपटी, सगळं गाठोडं बांधून सुइणीला द्यायचं. तो तिचा हक्क. बाळंतपण शेवटी इस्पितळात झालं म्हणून हक्क बुडत नाही. पण इस्पितळाचा इंग्रजी कागदही विटाळात धरतात, हे मला नवीन होतं.

"आई, कागदाला कसलं आलंय सुवेर?"

"मला इंग्रजी कुठे कळतंय? तुझ्या वडिलांनी वाचला होता. शेवटची ओळ, मूल गेल्याची, तेवढी मला सांगितली त्यांनी." तिने सूप पुन्हा उचललं. "तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून दिला मी."

वडील वारल्याला दोन वर्षं झाली होती. त्यांना आता विचारायची सोय नव्हती.

तेव्हाची सुईण म्हातारी होऊन लेकीकडे दिव्याला राहायला गेली होती. रविवारी ह्यांना घेऊन मी तिथे गेले. मिठागरांमधल्या बांधावरून चालत जावं लागलं. सातवा महिना चालू होता, आणि हे दर दहा पावलांना "अगं, सांभाळ" म्हणत होते. त्यामुळेच मी दोनदा अडखळले.

म्हातारीने मला लगेच ओळखलं.

"काय गो बाय, पोटुशी तू, उन्हाची कनाला आलीस?"

मी कागदाचं विचारलं.

"कपऱ्यांत व्हता एक कागद. मना वाचता येतंय कंय? चुलीन गेला असंल." मग ती ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमी जरा भायेर बसा, भाऊ."

हे बाहेर गेल्यावर तिने माझा हात हातात घेतला. "पोर आडवा व्हता तुजा. म्हणून अरकला. तुज्यात काय खोट नव्हती, बाय. त्याचा हात आधी भायेर आला. मी धरला व्हता. बोटं हलवीत व्हता."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ह्यांनी विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, कागद नाही.

मी सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मूल आडवं होतं, म्हणजे माझ्या हाडांत अडचण नाही, हे ऐकून त्यांची मान होकाराने हलली. हात बाहेर आल्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी टाक खाली ठेवला.

"मग बहुतेक वरूनच चिरलं असणार. मूल असं अडकलं की पुष्कळ जण वरूनच जातात."

"बहुतेक?"

"बहुतेक. त्याच्यापुढचं त्या कागदाला ठाऊक."

"मी लिहून देते, माझ्या जबाबदारीवर."

"तुमची मुलगी केवढी आहे?"

"चार वर्षांची."

"तिची सही आणा," त्या म्हणाल्या.

मी तारीख विचारली.

दिवस ठरवून ऑपरेशन झालं. चौथं नको म्हणून त्याच वेळी नळ्याही बांधायच्या होत्या. दोन्ही फॉर्मांवर ह्यांनी सह्या केल्या. माझी सही कुठे लागली नाही. नाकावर जाळी ठेवून मला आकडे म्हणायला सांगितलं. मी म्हटलेच नाहीत, नुसते कान देऊन पडून राहिले. जागी झाले तेव्हा भिंतीवर ऊन आलं होतं आणि आया सांगत होती, मुलगा झाला, बाई, केवढा रडला.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते. चीर खालची होती. दोन्ही खेपांची. सांधा चांगला घट्ट होता."

"म्हणजे मला..."

"तो कागद असता तर मी तुम्हाला कळा येऊ दिल्या असत्या. सगळं नीटच झालं असतं असं म्हणत नाही. पण येऊ दिल्या असत्या."

त्यांनी माफी मागितली नाही आणि समजूतही घातली नाही. जाताना पाळण्यातल्या मुलाचं अंगडं सारखं केलं. मी त्यांच्यावर रागावायचा प्रयत्न करून पाहिला, पण जमलं नाही.

दुपारी आई डिंकाचे लाडू घेऊन आली. डबा ठेवला, नातवाला पाहिलं, खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"डॉक्टरीण काही म्हणाली का? त्या आतल्या चिरेचं?"

दिव्याहून आल्यापासून ती हे विचारायचं टाळत होती, हे मला माहीत होतं.

"वरची होती," मी म्हटलं. "कळा आल्या असत्या तर उसवली असती म्हणाली."

"म्हणजे तो कागद असता तरी..."

"तरी हेच."

आई खाटेच्या कडेवर टेकली. आणि मग सात वर्षांत पहिल्यांदा तिने त्या गेलेल्या मुलाचं सांगायला सुरुवात केली. केस दाट होते, म्हणाली, कान माझ्या वडिलांसारखे, बाहेर आलेले. न्यायच्या आधी तिनेच त्याला पुसून दिलं होतं. इस्पितळातली बाई गार पाणी घेऊन आली, तर हिने तिला परत पाठवलं आणि कोमट करून आणायला लावलं.