गुंडाला कान लावून बसणारा

आमच्या ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवतो आणि तो बेस गिटार. नवं गाणं बसवायचं म्हटलं की हा मोबाइल पाण्याच्या रिकाम्या पितळी गुंडात ठेवतो आणि गुंडाच्या तोंडाला कान लावतो. म्हणे, मोबाइलवर खालचे सूर कळत नाहीत, गुंडात ते घुमतात. चार सेकंदांचा तुकडा ऐकायचा, वहीत एक सूर लिहायचा, खोडायचा, पुन्हा तोच तुकडा. ऐकणाऱ्याचं डोकं उठतं.

यंदा दिवाळीनंतर दवनीवाड्याच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, आमचा कार्यक्रम होता, आणि हा तीन दिवस एकाच अंतऱ्यावर अडलेला. शेवटी मी म्हटलं, "मंडईत लोकं नाचाले येतेत. तुझा बेस कोण आयकून राहिला?"

"मी आयकून राहिलो ना," तो कान न हलवता म्हणाला. "काऊन घाई करून राहिला तू?"

मंडईत नेमका तो अंतरा आला आणि हा तारांवर हात ठेवून गप्प उभा. विसरला असं समजून मी डाव्या हातानं त्याची जागा भरून काढली. स्टेजवरून उतरताच त्याला झापणार होतो, तर तोच माझ्यावर डाफरला.

"कायले वाजवलं तू? तिथं बेस नाही. तीन दिवस तेच तर पाहून राहिलो होतो."

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून मी आमचा गुंड रिकामा केला आणि तो अंतरा दहादा ऐकला. तिथं खरंच काही नव्हतं. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.