बाहेर बसायची सवय

"पुन्हा म्हण," मास्तर खिडकीतून म्हणाले. "आय ॲम यूझ्ड टू सिटिंग आउटसाइड."

मी म्हटलं. आतली पोरं हसली.

वर्ग आत. मी व्हरांड्यात, गोणपाटावर. बेळगावातल्या त्या हायस्कुलात महाराची मी एकटीच पोर. मला शाळेत घेतलं ते याच मास्तरांनी. सुधारक म्हणून त्यांचं नाव होतं. सभेत उभे राहून ते माझ्याबद्दल बोलायचे. उंबऱ्याच्या आत मात्र मला कधी घेतलं नाही.

शाळा तपासायला साहेब येणार होता. पोरीला बाहेर बसवतात, असा कुणीतरी वर अर्ज केलेला. मास्तरांना वाटलं, आमच्या आप्पांनीच केला. आप्पा म्हणजे माझे वडील. लष्करी कॅम्पातल्या कचेरीत झाडलोट करायचे. मास्तरांचे थोरले भाऊ तिथं हेडक्लार्क.

"तुझे वडील दादांच्या हाताखालीच आहेत ना गं?" मास्तरांनी हळू आवाजात विचारलं. "बरं आहे. साहेबांनी विचारलं तर हेच वाक्य सांगायचं."

मास्तर शिकवायचे चांगलं. ते मी नाकारत नाही. 'मेक' आणि 'लेट'नंतर नुसतं क्रियापद. 'वाँट'नंतर 'टू'. 'एंजॉय'नंतर 'इंग'. सगळं मी खिडकीखाली बसून कानानं शिकले. 'यूझ्ड टू'पाशी मास्तर थांबले होते. "इथं भलेभले फसतात. 'आय यूझ्ड टू सिट' म्हणजे पूर्वी बसत होते, आता बसत नाही. 'आय ॲम यूझ्ड टू सिटिंग' म्हणजे बसायची सवय झाली आहे. त्याचं काही वाटत नाही."

काही वाटत नाही. तेच त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

दिवेलागणीला हेडक्लार्कचा शिपाई आमच्या वस्तीत आला. दारातच उभा राहिला. घरातली भांडी, चूल, आई, सगळं नजरेनं मोजल्यासारखं बघितलं.

"पोरगी नीट बोलंल न्हवं?" एवढंच म्हणाला आणि गेला.

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. आप्पांनी मला विचारलं, "काय बोलायचं हाय गं तुला?"

मी मराठीत सांगितलं. "भाईर बसायची मला सवय हाय. काय वाटत न्हाय."

आप्पा म्हणाले, "आमच्या वाट्याला इंग्रजी आली ती गो, ब्रिंग, क्लीन. नुसता हुकूम. तुला शिकाय घातली ती हे बोलाय व्हय?"

"गप बसा की," आई म्हणाली. "चाकरी जाईल."

तोवर मी ते वाक्य पाठ केलं होतं. मास्तर शाबास म्हणाले तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं. त्या रात्री मात्र तेच वाक्य म्हणायची लाज वाटली.

साहेब आला. गोरा, उंच, घाईत. मागं मास्तर, कोटाची बटणं लावलेली. साहेबानं विचारलं, तू इथं का बसतेस? मास्तर माझ्याकडे बघून हसले.

"आय यूझ्ड टू सिट आउटसाइड."

"चुकली," मास्तर लगबगीनं म्हणाले. "सिटिंग. सिटिंग म्हण."

"न्हाय मास्तर. चुकलं न्हाय."

मी उठले. उंबरा ओलांडला. शेवटच्या बाकावर जागा होती, तिथं बसले. शेजारचा पोरगा साप दिसल्यासारखा उठला. मग पुढचा. मग सगळी रांग. सारी पोरं भिंतीला चिकटून उभी. साहेबानं घड्याळ बघितलं आणि पुढच्या वर्गाकडं गेला. तो मला वाचवायला आलाच नव्हता.

मास्तर जवळ आले. बाकाला हात न लावता वाकले. "संध्याकाळपर्यंत कळेल तुला."

कळलं. आप्पांना त्याच दुपारी कचेरीच्या फाटकाबाहेर काढलं होतं. पाठोपाठ शिपाई आला. "पोरीनं मास्तरांचं पाय धरावं. परत भाईर बसावं. मग बघू. न्हायतर वस्तीत काय व्हईल, आमच्या हातात न्हाय."

आई रडत म्हणाली, "धर की गं पाय. एकडाव."

आप्पा माझ्याकडं वळले. "तू सांग," म्हणाले.

मी सांगितलं, "न्हाय."

सकाळी दप्तर घेऊन निघाले. बोळाच्या तोंडाशी शिपाई, आणि अनोळखी तिघं. हातात काठ्या. बाकी दारं बंद. आप्पा माझ्या मागं चालू लागले. मी वर्गात पोचेन की नाही, मला माहीत नव्हतं. पोचले तर आत बसणार. हाकललं तर उद्या परत येणार. हातपाय मोडले तर बरे झाल्यावर येणार. व्हरांड्यात मात्र आता कुणी मला बसवू शकणार नाही. मास्तर नाही, साहेब नाही, माझी आईसुद्धा नाही.

मी चाल कमी केली नाही.