झेरॉक्सवाल्याची शाळा

कोपरीत आमच्या चाळीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर ठेवतो आणि दिवसभर तोच शोधतो.

चाळीच्या मालकाला माझी खोली रिकामी पाहिजे होती, म्हणून त्याने माझा नळ तोडला. चार दिवस मी रस्त्यापलीकडून हंडे आणले. नवरा गेल्यावर याहून जड उचललंय, पण आता गुडघे ऐकत नाहीत. पाचव्या दिवशी दुकानात गेले.

आपण मेथी निवडतो तसा तो कंप्युटरवर कायदे निवडतो. "हा दिल्लीचा, नको. हा जुना झाला. हा बघा आजी, आपल्या महाराष्ट्राचा. भाडेकरूचं पाणी मालकाला असं तोडता येत नाही. कलम एकोणतीस."

"दे मग कागद."

"देतो. पण कागद तो फाडेल. तुम्ही पाठ करा."

"अरे, मी शाळेचं तोंड नाही बघितलं!"

"मग आज बघा. म्हणा, कलम एकोणतीस."

गिऱ्हाइकं खोळंबली, तरी त्याने दहा वेळा म्हणवून घेतलं.

मालकाने कागद खरंच फाडला. मग मी सगळं घडाघडा म्हटलं. त्याने विचारलं, "कोणी शिकवलं गं म्हातारे?"

"शाळेत," म्हटलं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. पहिला तांब्या मी दुकानात नेला. तो पाणी प्यायला, चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बसा आजी. बायकांना कोर्टात फुकट वकील मिळतो, आता ते पाठ करू. मालक परत विसरेल."